आखणीचा हात

वीस वर्षं आमच्या कारखान्यातल्या गणपतींचे डोळे मी एकट्याने आखले. माझ्याआधी माझे वडील, आबा, आखायचे. तिसऱ्या कोणाच्या हातात मी तो बारीक ब्रश कधी दिला नाही. कोणी मागितलाच, तर माझं उत्तर ठरलेलं असे: आखणीचा हात शिकवून येत नाही, तो रक्तातच असावा लागतो. मालकीचा तोरा म्हणून मी हे बोलत नसे, माझा त्यावर खरोखर विश्वास होता. आता तो राहिलेला नाही. जाण्याआधी त्याने एका माणसाचं नुकसान केलं, म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

पनवेलहून रोह्याकडे निघालेली गाडी जिते सोडून हमरापूरला थांबते, पुढचं स्टेशन पेण. नाव पेणचं झालं आणि ते योग्यच आहे, कारण ही कला आमच्याकडे पेणहून आली. पण पेणचा गणपती म्हणून जो मुंबई-पुण्याच्या दुकानात दिसतो, तो पुष्कळदा हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या आमच्या गावांत साच्यातून निघालेला असतो. इथे घराला लागून कारखाना असतो. विसर्जन आटोपून थोडे दिवस गेले की पुढच्या वर्षाचं काम सुरू. पीओपी कालवायचं, काथ्या घालायचा, साचा भरायचा, कच्चा माल वाळवायचा, सांधे बुजवायचे, पॉलिश पेपर मारायचा. मग पांढरा हात, गनने अंगाचा रंग, पीतांबर, शेला, मुकुटाचं सोनेरी काम. काही माल कच्चाच जातो, घेणारे आपल्या गावी नेऊन रंगवतात. जो आमच्याकडे रंगतो, त्याला सगळ्यात शेवटी डोळे.

आखणीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण सगळं अडलं ते तिथेच. आधी भुवई, ती एका श्वासात ओढायची. मग वरच्या पापणीची रेघ. ती नाकाच्या बाजूला बारीक सुरू होते, मध्ये भरते आणि कानाकडे निमुळती होत सुटते. खालची रेघ तिच्यापेक्षा हलकी. बुबुळाचा वरचा भाग पापणीखाली किंचित दडलेला हवा. ते पूर्ण गोल दिसलं तर देव दचकल्यासारखा दिसतो. दोन्ही बुबुळं एकाच जागी पाहत असली पाहिजेत, आणि ती जागा म्हणजे पाटासमोर मांडी घालून बसलेल्या माणसाचा चेहरा. शेवटी पांढरा ठिपका. तो केसभर सरकला तरी नजर हरवते आणि तोपर्यंतची सगळी मेहनत मुकी राहते. चतुर्थीला घरोघरी प्राणप्रतिष्ठा होते, मूर्तीच्या डोळ्यांना दूर्वेने तूप लावतात, तेव्हा तिच्यात देवपण येतं. त्याआधी ती माती. पण त्या मातीने बघायला सुरुवात केलेली असते ती आमच्या शेडमध्ये. ज्याच्या हातून हे होतं तो माणूस वेगळा, निवडलेला, असं मला वाटे. तो मीच असल्यामुळे तसं वाटणं सोपं होतं.

2020 चा पाडवा 25 मार्चला होता. त्याच दिवशी करोनामुळे देश बंद झाला. माझी भाची दोन दिवस आधी पुण्याहून सणाला म्हणून आली होती, ती आमच्याकडेच अडकली. दिवसा ती आम्हाला कामात मदत करी आणि रात्री लॅपटॉपवर व्हिडिओ गेम खेळत बसे. मला त्या खेळांचा मनापासून राग होता. डोळे बिघडतात, वेळ जातो, ही कारणं मी सांगत असे, पण खरं कारण वेगळं होतं. मला त्यातल्या गोष्टी खोट्या वाटत. ती तेव्हा ‘स्कायरिम’ नावाचा 2011 चा गेम खेळत होती. त्यात नायक कोण, तर बैलगाडीतून नाही पण तसल्याच एका गाडीतून वधस्तंभाकडे नेला जाणारा कैदी. त्याची मान ठोकळ्यावर ठेवलेली असताना आभाळातून ड्रॅगन येतो आणि तो वाचतो. पुढे एका लढाईत ड्रॅगन मरतो आणि त्याचा प्राण थेट या कैद्याच्या अंगात शिरतो. बघणारे चकित होतात: हा तर ड्रॅगनच्या रक्ताचा! डोंगरावरच्या मठातले म्हातारे त्याला हाक मारतात. जो एकेक शब्द साधायला त्यांना वर्षं लागली, तो हा एका क्षणात आत्मसात करतो.

“हे असलं फुकटचं बळ पोरांच्या डोक्यात भरवतात,” मी म्हणालो होतो. “काही न करता अंगात शक्ती जागी होते म्हणे.” भाची काही बोलली नाही. तिने लॅपटॉप बंद केला. मला आवडत नाही म्हणून तिने बंद केला, पटलं म्हणून नाही, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

3 जूनला निसर्ग वादळ आलं. ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि दुपारभर आमच्या अख्ख्या पट्ट्याला झोडपून गेलं. आमच्या शेडचे निम्मे पत्रे उडाले, रंगाला लावलेला माल भिजला. त्या वर्षी आधीच मागणीचा ठिकाणा नव्हता. पुढे सरकारने मंडळाच्या मूर्तीला चार फूट आणि घरच्या मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा घातली, म्हणजे मोठा माल तसाही उभाच राहिला. पण ते दुःख सगळ्या गावाचं होतं, एकट्या माझं नव्हतं. माझ्या वाट्याला आलं ते वेगळंच.

शेडच्या मागे माळ्यावर तुटका माल टाकायची जागा होती. पत्रे गेल्यावर ती उघडी पडली. आवरायला गेलो तर पोत्याखाली नीट रचून ठेवलेली गणपतीची तोंडं सापडली. सोंड मोडलेली, कान उडालेला, मुकुट फुटलेला असा टाकाऊ माल. पण प्रत्येक तोंडावर डोळे आखलेले. मी मोजली, एक्केचाळीस भरली.

ती कोणाची, हे मला ताबडतोब कळलं.

2012 साली डोंगराकडच्या एका आदिवासी वाडीवरचा मुलगा आमच्याकडे कामाला आला होता. बारावीला बसून सुटलेला, अंगाने बारीक, बोलायला कमी. पहिलं वर्षभर काथ्या सोडवणं आणि पीओपीच्या गोणी उचलणं. मग दोन वर्षं पॉलिश पेपर. कानामागची जागा, बोटांच्या बेचक्या, जिथे कोणी बघत नाही तिथेही तो घासत असे. चौथ्या वर्षी मी त्याला गन हातात दिली. 2016 च्या श्रावणात एका रात्री उशिरा शेडमध्ये दिवा दिसला म्हणून गेलो, तर हा खाली बसून पाच-सहा तुटकी तोंडं समोर मांडून माझ्या ब्रशने डोळे काढत होता. मी त्याच्या हातातून ब्रश घेतला. तेव्हा जे बोललो ते शब्दाला शब्द आठवतं. “हे तुझं काम नाही. तुमच्याकडे हे रक्तात नाही.”

‘तुझ्याकडे’ नव्हे, ‘तुमच्याकडे’ म्हणालो. मराठीत एका शब्दाने माणसाच्या मागे त्याची अख्खी वाडी उभी करता येते. मी ती केली आणि त्याच श्वासात तिला नाकारलंही. तो काही बोलला नाही. विसर्जनापर्यंत त्याने काम केलं, हिशोब घेतला आणि गेला. पुढच्या वर्षी आला नाही. मीही चौकशी केली नाही. हंगामी मुलं येतात-जातात, असं म्हणून मोकळा झालो.

वादळानंतर ती एक्केचाळीस तोंडं मी अंगणात मांडली. आमच्याकडे दरवर्षी नवे साचे निघतात. या वर्षीचा मुकुट वेगळा, त्या वर्षीची सोंड जास्त वळलेली. त्यामुळे कुठलं तोंड कुठल्या सालचं, हे मला न चुकता सांगता येतं. साल लावत गेलो तसा हात गार पडत गेला. सगळ्यात जुनी तोंडं 2012 च्या साच्यांची होती. म्हणजे मी ज्या रात्री त्याला पाहिलं ती त्याची पहिली रात्र नव्हती. चार वर्षं तो हे करत होता. पहिल्या तोंडावर डावा डोळा उजव्यापेक्षा वर गेलेला, रेघ थरथरलेली, बुबुळं दोन दिशांना. दुसऱ्या वर्षी रेघ सरळ, पण मेलेली. तिसऱ्या वर्षी भुवई एका ओढीत आलेली दिसते. पंचविसाव्या-तिसाव्या तोंडापाशी बुबुळ पापणीखाली सरकलेलं आहे, ती गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती. आणि शेवटच्या तोंडाने माझ्याकडे पाहिलं. अर्धी सोंड गेलेली, एका बाजूचा गाल फुटलेला, आणि नजर जागच्या जागी. वादळाच्या वर्षी चाळिशीचा चष्मा लावून मी जे डोळे आखत होतो, त्यांच्यापेक्षा ते सरस होते. हे लिहायला मला चार वर्षं लागली, पण तेव्हा अंगणातच ते कळलं होतं.

त्या रात्री भाची पुन्हा लॅपटॉप घेऊन बसली होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. लढाई नव्हती, ड्रॅगन नव्हता. नायक एका लोहाराच्या भट्टीपाशी उभा होता आणि खंजीर घडवत होता. एक झाला की दुसरा, तसाच, त्याच मापाचा. मी पंधरा मिनिटं पाहिलं, खंजीरच. हे कशाला, असं विचारलं. तिने सांगितलं की या गेममध्ये जे काम कराल त्यातच हात सुधारतो. तलवार चालवली की तलवारीचा, कुलपं उघडली की कुलपांचा. चांगलं चिलखत घडवता यायला हवं असेल तर आधी असे ढिगाने खंजीर ठोकावे लागतात. खेळणारे सगळे हे करतात, गोष्ट सांगताना मात्र कोणी याचं नाव घेत नाही.

मी तिथेच खाली बसलो. गोष्ट सांगते की हा जन्मापासून निवडलेला, ड्रॅगनच्या रक्ताचा. पण खेळ चालतो तो भट्टीपाशी. मी ऐकली होती फक्त गोष्ट, तिला खोटी म्हणून हिणवलं होतं आणि माझ्या स्वतःच्या कारखान्यात तीच गोष्ट वीस वर्षं सांगत आलो होतो. खंजीर ठोकणारा माझ्या माळ्यावर बसलेला होता, त्याला मी पाहिला नाही.

आणखी एक कबुली इथेच देतो. ‘रक्तात असावं लागतं’ हे मी ज्या रक्ताच्या जोरावर बोलत होतो, ते रक्त मिठागरातलं आहे. माझे आजोबा खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढायचे आणि पावसाळ्यात दुसऱ्याच्या खाचरात राबायचे. आबा पोरवयात पेणला एका कारखान्यात माती मळायला लागले. रोज पायी जात, पायी येत. तिथल्या मालकाने त्यांना आधी पाट पुसायला लावले, मग साचा धरायला, मग एक दिवस ब्रश दिला. आमच्या पंचक्रोशीतले कारखाने असेच उभे राहिले. शेती आणि मीठ करणारी माणसं पेणला राबली, शिकली, गावी परतली आणि घराच्या पडवीत साचा मांडून बसली. कोणाच्याच रक्तात काही नव्हतं. आबांना एका परक्या माणसाने ब्रश दिला नसता, तर मी आज मिठाचा हिशोब लिहीत असतो. हे मला आधीपासून माहीत होतं, आबांनी शंभरदा सांगितलं होतं. माहीत असूनही मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

एवढ्यावर मी खूश झालो असतो: शक्तीबिक्ती काही नसते, नुसता सराव. पण भाचीने मला तिथे थांबू दिलं नाही. तिने 2017 च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ या गेमची गोष्ट सांगितली. त्यात झेल्डा नावाची राजकन्या आहे. राज्यावर महासंकट येणार आणि ते कोंडून घालायची शक्ती तिच्या घराण्यात आईकडून मुलीकडे येते. पण आई लहानपणीच गेली, शिकवणारं कोणी उरलं नाही. पोर वर्षानुवर्षं थंड पाण्याच्या कुंडात उभी राहून प्रार्थना करते. काही होत नाही. तिचा ओढा जुन्या यंत्रांकडे, ती उघडून बघायची हौस. राजा बाप ते बंद पाडतो, तुझं काम प्रार्थना, असं दरडावतो. दरबारी मागे कुजबुजतात. सतरा वर्षं पूर्ण होतात त्या दिवशी ती शेवटच्या कुंडापर्यंत जाऊन येते, तरी शक्ती येत नाही, आणि त्याच दिवशी संकट कोसळतं. राज्य जळतं. शेवटी तिचा रक्षक घायाळ होऊन पडतो, यंत्र त्याच्यावर नेम धरतं आणि ती मध्ये हात पसरून उभी राहते. तेव्हा ती शक्ती प्रकटते.

“मग सरावाचं काय झालं, मामा?” तिने विचारलं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही दोन-तीन दिवस यावर भांडलो, पॉलिश पेपर मारता मारता, जेवताना. मी म्हणे, इतकी वर्षं पाण्यात उभी राहिली ते वाया कसं जाईल, ते आत साचत गेलं असणार. ती म्हणे, नाही, ती बापाच्या धाकाने उभी होती, धाकाने काही उघडत नाही. मग तिने त्या राजाच्या रोजनिशीबद्दल सांगितलं. खेळणाऱ्याला पडक्या राजवाड्यात ती सापडते. राजाने त्यात लिहून ठेवलंय की आपण मुलीशी फार कठोर वागलो, ती डोंगरावरून परत आली की तिला तिच्या यंत्रांकडे जाऊ देऊ, तिच्याशी बापासारखं बोलू. ती परत येते त्या दिवशी सगळं संपतं. रोजनिशी उरते.

ती रोजनिशी मला झोपू देईना. शक्ती सरावाने येते की प्रसंगाने, हा आमचा वाद त्या राजापाशी आला की निरर्थक होतो. सराव करणाऱ्याच्या हातात सराव असतो. प्रसंग मात्र दुसऱ्या कोणाच्या तरी हातात असतो. आमच्या शेडमध्ये तो माझ्या हातात होता, शून्य नंबरच्या ब्रशच्या रूपाने, आणि मी तो डब्यात कुलूप लावून ठेवत असे.

मग मला आपल्याकडची गोष्ट आठवली, जी मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो आणि नेहमी हनुमानाची म्हणून ऐकली. किष्किंधाकांडाच्या शेवटी वानर समुद्राकाठी अडकतात. शंभर योजनं कोण उडी मारणार? एकेक जण आपापली ताकद सांगतो. हनुमान बाजूला गप्प बसलेला असतो. लहानपणीच्या खोड्यांमुळे ऋषींनी त्याला शाप दिला होता, आपलं बळ त्याला आठवत नाही. जांबवान त्याला त्याचा जन्म सांगतो, बळ सांगतो, आणि तो वाढू लागतो. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्या वर्षी पहिल्यांदा दिसलं ते त्याच्या आधीचं. आपली पाळी येते तेव्हा जांबवान खरं काय ते सांगतो: एके काळी माझी झेप मोठी होती, आता म्हातारा झालो, नव्वद योजनं जाईन, शंभर जमणार नाहीत. आणि मग तो हनुमानाकडे वळतो. स्वतःची उतरलेली ताकद सगळ्यांसमोर मोजून सांगितल्यावरच त्याला दुसऱ्याची दिसली. वाल्मीकींनी हा क्रम उगीच ठेवला नसावा. 2016 मध्ये मला जवळचं धूसर दिसायला लागलं होतं. मी ते बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. ज्याला आपली नव्वद योजनं कबूल करता येत नाहीत, तो दुसऱ्याला कसा उठवणार?

दुसरी गोष्ट मी टाळत होतो, पण मातीचं काम करणाऱ्याला ती टाळता येत नाही. द्रोणाने निषादपुत्र म्हणून एकलव्याला परत पाठवलं. त्याने रानात द्रोणाची मातीची मूर्ती केली आणि तिच्यापुढे एकट्याने सराव केला. त्या मूर्तीला डोळे कोणी आखले असतील? त्यानेच. नकार देणाऱ्याची नजर त्याने स्वतःच्या हाताने घडवली आणि तिच्यासमोर उभा राहिला. माझ्या माळ्यावर हेच घडलं होतं. मी अंगठा मागितला नाही, पण ब्रश काढून घेतला.

त्या वर्षीची चतुर्थी 22 ऑगस्टला होती. चार दिवस आधी, 18 ऑगस्टला, पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या मंडळींचा ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा गेम बाहेर आला. आधी एका परदेशी यंत्रापुरता आणि ऑक्टोबरात संगणकावर. भाचीने दिवाळीत तो मला दाखवला. पुण्यातली माणसं असलं काही करतात, हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी तो पूर्ण करायला लोकवर्गणी मागितली होती, ती पुरेशी जमली नाही, पैसे संपले, घर विकायची पाळी आली, तरी गेम सोडला नाही. वर्षअखेर जगभरच्या पुरस्कारांत नवोदितांच्या यादीत त्याला नामांकन मिळालं. यात मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांनी सांगितल्या आहेत. त्या पाहून मला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या.

राजी ही खेळ करणारी पोर. भावाला असुर पळवतात, ती त्याच्या मागे निघते. दुर्गा तिला त्रिशूळ देते, पुढे विष्णूचं धनुष्य मिळतं. वरवर पाहिलं तर पुन्हा तेच: देवांनी निवडलं. पण मी आता भट्टीकडे बघायला शिकलो होतो. राजी भिंतीवर धावते, खांबाला धरून गरकन फिरते आणि असुरावर कोसळते. हे तिला देवांनी दिलेलं नाही. हे तिने जत्रेत पोटासाठी केलेलं काम आहे. त्रिशूळ मिळतो तेव्हा तो पेलणारं अंग आधीच तयार असतं. दुर्गेने एवढंच केलं की ते पाहिलं आणि हत्यार हातात दिलं. माझ्या मते शक्ती जागी होण्याची याहून खरी गोष्ट मी कुठल्या गेममध्ये पाहिली नाही. पाहिलेत तीनच, पण मत ठाम आहे.

गेममुळे सगळी मुलं शहाणी होतात, असं मी म्हणत नाही. रात्र-रात्र जागून डोळे सुजवून घेणाऱ्या पोरांना मी आजही रागावतो. पण त्यातल्या नायकांची मी जी टर उडवत होतो, ती आता थांबली आहे. ती गोष्ट आमच्याहून वेगळी नव्हती, आणि तिच्यातलं खोटं मी माझ्या शेडमध्ये जास्त इमाने पाळलं होतं.

2021 च्या हंगामापासून आमच्याकडे संध्याकाळी सहानंतर तुटका माल आणि बारीक ब्रश बाहेर ठेवलेला असतो. ज्याला डोळे आखायचे त्याने आखावेत, कोणी विचारत नाही. पहिलं वर्ष पाच-सहा जण बसत, मग तीन उरले, मग पुन्हा वाढले. पीतांबर रंगवणाऱ्या दोघी, ज्या दहा वर्षं माझ्या डोळ्यांसमोर जरीच्या काठाची बारीक रेघ न थरथरता ओढत होत्या, त्यांच्या हाताला आखणी दोन महिन्यांत आली. दहा वर्षं ती रेघ मी रोज पाहत होतो. आज आमच्या मालावर माझ्याशिवाय चौघांचे डोळे असतात. गिऱ्हाइकाने आजवर कधी विचारलेलं नाही की हे कोणी काढले. तो पाटावर ठेवतो, दूर्वेने तूप लावतो आणि समोर बसतो.

माझ्या पट्ट्यातल्या कारखानदारांना एक विनंती आहे. तुमच्याकडे जो मुलगा तीन वर्षं कानामागे पॉलिश पेपर मारतोय, त्याला एक मोडकं तोंड द्या. आजच द्या. आणि तुमचा तुटका माल एकदा स्वतः चाळून बघा.

2021 च्या जानेवारीत मी ती तोंडं पोत्यात भरून वाडीवर गेलो. तो भेटला. आता टेम्पो चालवतो, लग्न झालंय, मुलगी आहे. पडवीत बसून मी तोंडं काढली. त्याने एकेक हातात घेतलं.

“दादा, तुम्ही ही जपून ठेवलीत?”

“जपली नाहीत,” मी म्हणालो. “फेकायची राहिली.” खोटं बोलायची ती जागा नव्हती. मग जे बोलायला गेलो होतो ते बोललो, माफी मागितली, ‘तुमच्याकडे’ या शब्दासकट. तो बराच वेळ पहिल्या तोंडाकडे पाहत होता. “ह्याचा डावा वर गेलाय,” म्हणाला. “तेव्हा कोपर टेकवत नव्हतो.”

मी त्याला परत ये म्हटलं, आखणीच्या पगारावर. त्याने टेम्पोच्या हप्त्यांचा हिशोब मांडला. सहा-आठ महिन्यांच्या हंगामात ते बसत नव्हतं, आणि मलाही बसवता आलं नाही. तो आला नाही. निघताना त्याने दोन तोंडं ठेवून घेतली, पहिलं आणि एक्केचाळिसावं. उरलेली एकोणचाळीस आमच्या शेडमध्ये, ब्रशच्या डब्याच्या वरच्या फळीवर, सालाप्रमाणे लावलेली आहेत.